तिसऱ्या दिवसाचे पाच

तिसऱ्या दिवशी पाच होते आणि पाचव्या दिवशी दोनच उरले, ही गोष्ट काही केल्या शिवकन्याच्या गळी उतरेना.

अंबाजोगाईच्या टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमधल्या लोखंडी बाकावर ती सकाळी नवापासून बसली होती. गर्भ आत सोडताना लघवीची पिशवी भरलेली लागते म्हणून नर्सनं तिला दोन बाटल्या पाणी प्यायला लावलं होतं. ओटीपोट तटतटलं होतं आणि मांडीवर दोन कागद होते. एक परवाचा. त्यावर पाच गोल फोटो, आणि प्रत्येक गोलात साबणाच्या फेसाचे बुडबुडे एकमेकांना चिकटावेत तशा पेशी. खाली तिचं नाव, उत्तरेश्वरचं नाव आणि एक ते पाच आकडे. दोन नंबरच्या फोटोवर बोट ठेवून त्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः म्हणाले होते की हा बघा, आठ पेशी, सगळ्या एकसारख्या, पहिल्या वर्गात पास. दुसरा कागद आजचा. त्यावर दोनच फोटो, तीन नंबरचा आणि पाच नंबरचा. पहिल्या वर्गात पास झालेला कुठंच नव्हता.

शिवकन्या एकोणतीस वर्षांची. धारूरच्या उताराला त्यांचं गाव. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातले सहा हंगाम नवराबायकोनं ऊसतोडीत काढले. मूल झालं नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, तेव्हा तिथल्या मॅडमनी दोन्ही नळ्या बंद असल्याचं सांगितलं; बीज बाहेर काढून बाहेरच गर्भ तयार केला तरच आशा आहे म्हणाल्या. म्हणून यंदा दोघांनी टोळीत नाव घातलं नव्हतं. बारा दिवस पोटात सुया टोचून घेतल्या, भूल घेऊन बीजं काढली. नऊ निघाली, सहा फळली, तिसऱ्या दिवशी पाच राहिली. हे सगळे आकडे शिवकन्यानं कागदाच्या पाठीमागं लिहून ठेवले होते.

ही सवय तिला आईनं लावली होती. तिची आई विमलबाई घाटनांदूरला राहायची. बत्तीस वर्षांची असताना पोटात दुखतंय म्हणून ती एका खाजगी दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरनं गर्भाची पिशवी सडलीय, काढली नाही तर कॅन्सर होईल, असं सांगितलं आणि चौथ्या दिवशी पिशवी काढून टाकली. कैक वर्षांनी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईनं ते जुने कागद बघितले आणि म्हणाली, अहो, हे गोळ्यांनी बरं झालं असतं. तेव्हापासून डॉक्टरनं ताप मोजला तरी विमलबाई आपल्या हातानं कपाळ चाचपून बघायची. लेकीचं हे बाहेरचं गर्भाचं काम तिला मुळातच पटलं नव्हतं. निघताना तिनं एवढंच बजावलं होतं, की वाचल्याबिगर कागदावर सही करायची नाही, आणि आपल्या अंगातनं काय घेतलं अन् काय परत दिलं ते मोजून घ्यायचं.

शिवकन्यानं मोजलं होतं. तीन कमी पडत होते.

सेंटरमध्ये कागदपत्रांचं काम भागवत बघायचा. पस्तिशीचा, केजकडचा, गोड बोलणारा माणूस. बायांना ताई ताई करायचा, बाप्यांना बाहेर चहाला न्यायचा. शिवकन्या त्याच्या टेबलापाशी गेली आणि दोन्ही कागद समोर ठेवले. तो म्हणाला, बाकीचे तीन थांबले, होतं तसं, टेन्शन घेऊ नका.

"थांबले म्हंजे गेले कुठं?" तिनं विचारलं.

भागवतनं उत्तर द्यायच्या आधी तिच्या फाइलकडं बघितलं. मग म्हणाला, "ताई, थांबलेल्याचं काय करायचं असतंय? ते डोक्यात घेऊ नका."

त्यानं फाइल उचलून गठ्ठ्याखाली सरकवली, पण तेवढ्यात शिवकन्याला दिसायचं ते दिसलं. तिच्या फाइलच्या कोपऱ्यावर हिरवा गोल कागद चिकटवलेला होता. टेबलावर पंधरा-वीस फायली होत्या. हिरवा गोल फक्त तिच्या आणि आणखी एका फाइलवर. तिनं विचारलं तर ते ऑफिसचं असतं म्हणाला आणि फोन कानाला लावला. फोन वाजल्याचं मात्र तिला ऐकू आलं नव्हतं.

ती परत बाकावर येऊन बसली. थोड्या वेळानं आतून नर्सनं हाक मारली, "शिवकां..." आणि पुढचं अक्षर पंख्याच्या आवाजात बुडालं. शिवकन्या उठली, आणि तिच्या शेजारची बाईही उठली. त्या बाईचं नाव शिवकांता. परळीकडून चारचाकी करून आलेली, अंगावर इस्त्रीची साडी, बरोबर सासू आणि नणंद. दोघींची बीजं एकाच दिवशी काढली होती. नर्सला शिवकांताच पाहिजे होती. ती आत जाऊन पाच मिनिटांत परत आली तेव्हा शिवकन्यानं सहज विचारल्यासारखं करून विचारलं. शिवकांताचे तिसऱ्या दिवशी सहा होते. आज पाच आहेत.

शिवकन्या मनात हिशोब मांडायला लागली. माझे पाचातले तीन थांबले आणि हिच्या सहातला एकच? नाव असं, की हाक मारली तर दोघी उठतात. आत त्या बंद खोलीत, जिथं कुणाला जाऊ देत नाहीत, तिथं कोण कुणाला हाक मारत असेल? दोन नंबरचा तो आठ पेशींचा गर्भ, तो कुणाच्या कागदावर गेला असेल?

तिनं व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. विमलबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिचा आवाज एकदम थंड झाला. म्हणाली, मला ठावं होतं, चांगलं ते मोठ्या घरी जातं आणि आपल्याला सांगतात थांबलं म्हणून. तीन मिळाल्याबिगर टेबलावर चढू नको.

उत्तरेश्वर पायरीवर बसून मोबाइल बघत होता. शिवकन्या त्याच्यापाशी गेली आणि तिनं त्याला आकडे सांगितले. तिला वाटलं होतं तो चिडेल, आत जाऊन भांडेल. मुकादमाशी चार शब्दांवरून हातघाईला येणारा माणूस तो. पण त्यानं मान वर केली नाही.

"डाक्टर लोकांचं काम हाय ते," तो म्हणाला. "आपल्याला काय कळतंय त्यातलं? तू पाणी पी."

आणि बोलणं संपायच्या आधीच तो उठून उभा राहिला, पँट झटकली आणि पाण्याची बाटली आणतो म्हणून फाटकाकडं निघाला.

सहा हंगाम उसाच्या फडात पाचटाच्या एका कोपीत राहिल्यावर माणूस कळतो. खरं बोलताना उत्तरेश्वर बसून बोलायचा. खोटं बोलायचं असलं की वाक्य पुरं व्हायच्या आत उठायचा. शिवकन्याला आठवलं, बीजं काढायच्या दिवशी ती भुलीतनं जागी झाली तेव्हा तो जवळ नव्हता. भागवतबरोबर चहाला गेला होता. येऊन म्हणाला होता, चांगला माणूस हाय. आता तिच्या मनात नको नको ते यायला लागलं. ह्याच्यातही दोष निघाला म्हणून ह्यानं दुसऱ्याचं बी तर घेऊ दिलं नसेल? की आपले गर्भच कुणाला देऊन टाकले? शेजारी झोपणाऱ्या माणसावर असा संशय येतो तेव्हा कुठं टेकावं ते कळत नाही. ती भिंतीला टेकली.

साडेअकराला तिला आत नेलं. हिरवा झगा घातला, डोक्याला टोपी घातली. ती टेबलाच्या कडेवर बसली आणि पाय वर घेईना. नर्स म्हणाली झोपा. ती बसूनच राहिली. मोठे डॉक्टर हातमोजे चढवत आले, तरी ती बसूनच राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या तिघांचा ठावठिकाणा सांगा. मग मी झोपते."

डॉक्टरांनी आधी समजावलं, मग त्यांचा आवाज चढला. गर्भ बाहेर काढला की मिनिटांचा हिशोब असतो, तुम्ही इथं वाद घालत बसलात तर तो खराब होईल आणि त्याला जबाबदार तुम्ही, असं ते म्हणाले. एका क्षणी शिवकन्या आडवी होणारच होती. तेवढ्यात भिंतीतली लहानशी खिडकी सरकली. त्या खिडकीतून आतल्या प्रयोगशाळेतले गर्भ टेबलापर्यंत यायचे. निळी टोपी घातलेला एक चेहरा वाकून म्हणाला, "सर, मी अजून काढलेला नाही. उबेच्या पेटीतच आहे. थांबता येईल."

शिवकन्याच्या एवढं लक्षात आलं, की इतका वेळ आपल्याला दाखवलेली घाई खोटी होती.

खिडकीतली बाई म्हणजे उज्ज्वला मॅडम. बीज आणि शुक्रजंतू एकत्र करणं, गर्भ वाढवणं, त्यांना मार्क देणं हे काम तिचं. तिनं आधी शिवकन्याला मोकळं होऊन यायला सांगितलं, मग प्रयोगशाळेबाहेरच्या लहान खोलीत संगणकासमोर बसवलं. शिवकन्यानं थेट विचारलं, शिवकांताबाईचे पाच, त्यात माझे किती?

उज्ज्वलाला राग आला नाही. तिनं सांगितलं की दोघींची नावं जवळची आहेत हे पहिल्या दिवशीच तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून शिवकन्याच्या गर्भांच्या बशांना निळी पट्टी लावली आणि त्यांच्या बशांना पांढरी. दोन्ही वेगळ्या कप्प्यांत. बशी हलवताना दर वेळी दोन माणसं नाव वाचतात. मग तिनं दोन नंबरचे फोटो एकामागं एक लावले. पेटीतला कॅमेरा दर दहा मिनिटांनी फोटो काढत होता. परवा सकाळी आठ पेशी. संध्याकाळी आठ. काल आठ. आज पहाटे आठच, पण काळवंडलेल्या, कडा विस्कटलेल्या. दर फोटोवर निळी पट्टी, तिचं नाव, वेळ.

शिवकन्यानं ते सगळं दोनदा बघितलं. वेळा जुळवून बघितल्या. मग विचारलं, पहिल्या वर्गातला असून थांबला कावून?

उज्ज्वला म्हणाली, "आम्ही मार्क देतो ते बाहेरून बघून. पेशी किती, सारख्या आहेत का, तुकडे पडलेत का. पण पहिले अडीच-तीन दिवस गर्भ स्वतःच्या बळावर चालतच नाही, ताई. तुमच्या बीजात जो साठा असतो त्यावर चालतो. त्याची स्वतःची जनुकं तोवर जवळजवळ झोपलेली असतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास ती जागी होऊन कामाला लागावी लागतात. ती लागली नाहीत तर साठा संपतो आणि गर्भ तिथंच थांबतो. दिसायला कितीही देखणा असला तरी."

शिवकन्याला उसाचं बेणं आठवलं. उसाच्या कांड्याची टिपरी जमिनीत पुरली की डोळा फुटतो, हिरवागार कोंब वर येतो. तो असतो टिपरीतल्या रसावर. पुढं त्याला स्वतःच्या मुळ्या फुटल्या तर ऊस, नाही तर तजेलदार दिसणारा कोंब आठ दिवसांत पिवळा पडतो. तिनं तसं सांगितलं. उज्ज्वलानं मान हलवली आणि असंच आहे म्हणाली.

शिवकन्याला हलकं वाटलं. उठतच होती ती. पण मोजणी अजून पुरी झाली नव्हती.

"मग ते थांबलेले तीन आता कुठं हायेत?"

उज्ज्वलानं संगणकावर तिची नोंद उघडली. मग म्हणाली, "गोठवून ठेवलेत. अभ्यासाला द्यायचे म्हणून. तुम्हाला माहीत आहे ना? तुमची संमती आहे."

"कोणती संमती?"

फाइल मागवली गेली. हिरव्या गोलाचा अर्थ तेव्हा कळला. एका मोठ्या शहरातली संस्था थांबलेल्या गर्भांचा अभ्यास करत होती, कोणतं जनुक जागं झालं, कोणतं झालं नाही, हे बघायला. ज्या जोडप्यांनी होकार दिला त्यांच्या फाइलवर हिरवा गोल. फाइलच्या शेवटी तीन पानी कागद होता आणि तळाला दोन सह्या. एक उत्तरेश्वरची. दुसरी शिवकन्याची, पण तिनं न केलेली. तिथं लिहिलं होतं, शिवकण्या. न च्या जागी ण.

ती सही कुणाची हे तिला विचारावं लागलं नाही. नऊ वर्षांत तिचं नाव असं एकच माणूस लिहायचा. त्याच्या मोबाइलमध्येही ते तसंच होतं.

उज्ज्वलानं तोंडावरचा मास्क खाली ओढला. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, मी फाइलवर विश्वास ठेवला, तुम्हाला एकदा तोंडी विचारायला पाहिजे होतं.

उत्तरेश्वरला बोलावलं. कागद बघताच तो खाली बसला, आणि बसून बोलला. शिवकन्या भुलीत होती त्या दिवशी भागवतनं त्याला चहाला नेलं होतं. थांबलेले गर्भ नाहीतरी टाकूनच देतात, ते अभ्यासाला दिले तर तुमचा उरलेला चांगला गर्भ वर्षभर फुकट गोठवून ठेवू, असं तो म्हणाला. बाईला आत्ता सांगू नका, ती घाबरली तर गर्भ धरत नाही, असंही म्हणाला. आणि तिच्या नावापुढंही तुम्हीच करा, नवराबायकोत काय एवढं.

शिवकन्या उभी होती. तिनं आवाज चढवला नाही.

"माझ्या मायचा कागद बी असाच झालता," ती म्हणाली. "ती टेबलावर आन् सही बाहेर. ती सही माझ्या बापाची होती. तुमाला ठावं हाय ते."

मोठे डॉक्टर आले. तिच्यादेखत त्यांनी भागवतला फैलावर घेतलं, इतकं की शिवकन्याला वाटलं हे रागावणं भागवतसाठी नाही, आपल्यासाठी चाललंय. मग ते नरमाईनं म्हणाले, झालं ते चुकीचं झालं, हा कागद रद्द, बघा, तुमच्यासमोर फाडतो. त्यांनी हात पुढं केला. शिवकन्यानं त्यांच्या आधी कागदावर तळवा ठेवला.

"फाडू नका. ह्याची झेरॉक्स द्या मला."

उज्ज्वलानं कागद उचलला, बाहेरच्या मशीनवर दोन प्रती काढल्या आणि एक शिवकन्याच्या हातात दिली.

त्या दिवशी शिवकन्यानं गर्भ आत घेतला नाही. दोन्ही गोठवून ठेवा, मी सांगेन तेव्हा, असं म्हणून तिनं साडी नेसली आणि स्टँडवर जाऊन घाटनांदूरची एसटी धरली. उत्तरेश्वर स्टँडपर्यंत मागं आला. ती खिडकीशी बसली. त्यानं खालून काहीतरी सांगितलं, ते तिला ऐकू आलं नाही आणि तिनं पुन्हा विचारलंही नाही.

आईकडं तिनं चार पानी तक्रार लिहिली. बारावी झालेली होती, अक्षर वळणदार होतं. झेरॉक्स जोडून ती जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडं पाठवली. विमलबाईचं म्हणणं होतं की कागदानं काही होत नाही, सगळे एकमेकांचे असतात. शिवकन्यालाही आतून तसंच वाटत होतं. पण महिन्याभरानं दोन अधिकारी सेंटरमध्ये येऊन गेल्याचं कळलं. हिरव्या गोलाच्या सात फायली निघाल्या, त्यातल्या आणखी दोन बायांनाही काही ठाऊक नव्हतं. उज्ज्वलानं जबाबात जे होतं ते सांगितलं. भागवतला काढलं. डॉक्टरांनी सगळा दोष त्याच्या माथी मारला, आणि शिवकन्याला ते पुरतं खरं वाटलं नाही. पण तिच्या हातात तेवढंच होतं. अभ्यास बंद पडला, आणि सहा महिन्यांनी सगळे कागद नव्यानं करून, प्रत्येक बाईला समोर बसवून विचारायचं ठरवून पुन्हा सुरू झाला.

उत्तरेश्वर दर आठवड्याला घाटनांदूरला यायचा. विमलबाई त्याला चहा द्यायची, शब्द द्यायची नाही. दोन वेळा तो ओट्यावर बसून परत गेला. तिसऱ्या वेळी शिवकन्या बाहेर आली.

"मला वाटलं तू भेशील," तो म्हणाला.

"भ्यालेच असते की. पण भ्यायचं का न्हाई ते मला ठरवू द्यायचं होतं."

तो म्हणाला, चुकलं. ती लगेच त्याच्याबरोबर गेली नाही. पंधरा दिवसांनी गेली, आणि जाताना सगळी फाइल स्वतःच्या पिशवीत घेतली.

पुढं त्याच सेंटरमध्ये पहिल्यांदा पाच नंबरचा गर्भ सोडला, कारण त्याला मार्क जास्त होते. सोडायच्या आधी शिवकन्यानं पडद्यावर नाव वाचलं, निळी पट्टी बघितली, नर्सलाही मोठ्यानं वाचायला लावलं. चौदा दिवसांनी रक्त तपासलं. गर्भ धरला नव्हता.

घरी आल्यावर दोन दिवस संशय पुन्हा डोकं वर काढत होता. तक्रार केली म्हणून सूड तर घेतला नसेल? मुद्दाम खराब तर सोडला नसेल? तिसऱ्या दिवशी ती एकटीच अंबाजोगाईला गेली आणि उज्ज्वलाच्या समोर उभी राहिली. उज्ज्वलानं पुन्हा सगळे फोटो लावले, गोठवणीतून काढतानाचेही. मग म्हणाली, "बाहेरून सगळं चांगलं होतं. आत काय चाललं होतं ते मला दिसत नाही. पाहिजे तर एखादं कारण रचून सांगते, पण खरं कारण मला माहीत नाही."

डॉक्टरच्या जातीतलं कुणी आपल्याला मला माहीत नाही असं म्हणेल, हे शिवकन्याला नवीन होतं. ती बसली. मग तिनं विचारलं, ते तीन अजून हायेत का? उज्ज्वला म्हणाली, आहेत. तुम्ही काही सांगितलं नाहीत म्हणून तसेच ठेवलेत.

"त्यांचा अभ्यास केला तर कळंल का, कावून थांबले ते?"

"तुमच्यापुरतं उत्तर मिळेल असं नाही. पुष्कळ बायांचे गर्भ बघून, कैक वर्षांनी, कदाचित आम्हाला आतलं ओळखता येईल. तेव्हा दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. तुम्हाला होईल असं मी म्हणणार नाही."

पुढच्या आठवड्यात शिवकन्या आईला घेऊन आली. नवा कागद उज्ज्वलानं ओळ न् ओळ वाचून दाखवला. मध्येच विमलबाईनं विचारलं की ह्यातनं कुणाचं पोर तर करणार नाहीत? उज्ज्वलानं सांगितलं की थांबलेल्यातून मूल होतच नाही, आणि कायदाही तसं करू देत नाही. विमलबाईनं त्यावर मान हलवली नाही, नाकारलंही नाही. शिवकन्यानं नाव कुठं लागणार, विकणार का, मन बदललं तर काय, हे सगळं विचारलं आणि उत्तरं कागदावरच लिहून घेतली. शिवकन्याला दोन नंबरचा विसर पडत नव्हता. पहिल्या वर्गात पास होऊन तो का थांबला, हे कुणीतरी, कधीतरी, उघडून बघावं एवढंच तिला वाटत होतं. उत्तर आपल्यापर्यंत आलं नाही तरी चालेल.

तिनं सही केली. शेजारी उत्तरेश्वरनं केली, त्याच्या रकान्यात, त्याची. साक्षीदार म्हणून विमलबाईचा अंगठा पाहिजे होता, पण ती उठून बाहेर जाऊन बसली. म्हणाली, तुला द्यायचे तर दे, माझा अंगठा कुठल्या दवाखान्याच्या कागदावर लागणार न्हाई. साक्षीला नर्सनं सही केली.

राहिला होता तीन नंबर. त्याला मार्क काठावरचे होते. पेशी लहानमोठ्या, मधे तुकडे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं की फार आशा ठेवू नका. शिवकन्यानं आशा ठेवली नाही, नाव वाचलं आणि झोपली. चौदा दिवसांनी रक्ताचा आकडा आला तो तिनं तीनदा विचारून घेतला, आणि खात्री पटेना म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिलं. तिथंही तेच आलं. गर्भ धरला होता.

नऊ महिने तिनं सरकारी मेडिकलमध्येच दाखवलं. उत्तरेश्वर दर वेळी बरोबर जायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही. एवढ्यावर सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. तो फोनवर हळू बोलायला लागला की अजून तिचे कान टवकारायचे.

फेब्रुवारीत मुलगी झाली. पावणेतीन किलोची. विमलबाईनं तिला उजेडाला नेऊन बोटं, टाचा, मान, सगळं उलटंपालटं करून बघितलं आणि शेवटी म्हणाली, कान तर जावयाचेच हायेत. तरी नर्स बाळाला वजनाला न्यायची तेव्हा ती मागोमाग जायची आणि तागड्यापाशी उभी राहायची. शिवकन्यानं तिला अडवलं नाही. मुलीचं नाव अजून ठरायचं होतं. पायाला बांधलेल्या पट्टीवर नुसतं शिवकन्याची मुलगी असं लिहिलं होतं, आणि विमलबाईला वाचता येत नसल्यामुळं ती दर तासा-दोन तासांनी पट्टी वर करून लेकीला विचारायची, "वाच गं, काय लिवलंय?"

शिवकन्या वाचून दाखवायची.